पऱ्हाटीला कापूस बांधून: खदानीच्या आगीमागे चार दिवस

पहिला दिवस, गुरुवार, नागपूर

डिसेंबरात सुट्टी टाकून पुण्याहून घरी आलो की पहिला दिवस वाया घालवायचाच असतो, सकाळी तर्री पोहा, दुपारी झोप, संध्याकाळी मामाजींकडे भरीत, यात वर्षानुवर्षं बदल नाही. मामाजी म्हणजे आईचे धाकटे भाऊ. चौतीस वर्षं खदानीत काढली, मायनिंग सरदार म्हणून लागले आणि ओव्हरमॅन म्हणून रिटायर झाले (दोन्ही खाली कामावर देखरेख करणारे हुद्दे), पहिली पंधरा वर्षं चंद्रपूरकडे आणि नंतरची इकडे कामठी-सावनेर पट्ट्यात. (पुस्तकात खाण लिहितात, आमच्याकडे कोणी खाण म्हणत नाही, खदानच.) मामेबहीण जिऑलॉजीत एमएस्सी करतेय, घरात तिला सगळे अजून छोटीच म्हणतात, आणि तिच्या प्रोजेक्टचा विषय आहे कोळशाच्या भूमिगत आगी आणि जमिनीतले फॉल्ट, म्हणजे भ्रंश, आणि भेगा. प्रोजेक्ट तिचा, गाडी माझी आणि अक्कल मामाजींची अशी टीम जमली आणि चार दिवसांचा प्लॅन जेवायच्या आधीच ठरला.

अंगणात एका बाजूला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, जाळावर वांगी भाजायला टाकलेली आणि दुसऱ्या बाजूला जुनी लोखंडी शेगडी, तिच्यावर पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं. मी आपलं ज्ञान पाजळलं की जमिनीत खोल गरम असतं म्हणून कोळसा पेटत असेल. मामाजी हसले. "अन् मंग हे वरचे ढीग कायले पेटते बे? स्टॉकयार्डातला कोळसाही पेटते, त्याले कोणतं खोल?" मग छोटीने नीट सांगितलं. कोळसा उघडा पडला की हवेतला ऑक्सिजन हळूहळू खायला लागतो, खाताना थोडी उष्णता निघते, ती निघून गेली तर काहीच होत नाही. अडकली तर कोळसा अजून गरम होतो आणि गरम कोळसा अजून जोरात ऑक्सिजन खातो, साधारण दर दहा डिग्रीला वेग दुप्पट धरतात, म्हणजे सुरुवातीला महिने काहीच दिसत नाही आणि मग एकदम. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही.

यातली मजा अशी की भरपूर वारा असेल तरी पेटत नाही कारण वारा उष्णताच घेऊन जातो, आणि हवा अजिबात नसेल तरी नाही. मधली, जेमतेम झिरपणारी हवा सगळ्यात वाईट. मामाजी तिला चोर हवा म्हणतात. आणि चोर हवा येते भेगेतून, त्यामुळे आग शोधायची असली तर आधी भेगा शोधाव्या लागतात.

जेवणं झाल्यावर मामाजींनी शेगडीची खालची खिडकी पत्र्याने बंद केली, वरून राख दाबून टाकली आणि मला विचारलं, विझली का. मी म्हटलं हो, विझली. सकाळी सहाला मला उठवून अंगणात नेलं, वरची राख बाजूला केली, खिडकी उघडली, पाच मिनिटं नुसते उभे राहिलो थंडीत कुडकुडत आणि मग आतून लाल. एवढंच दाखवायला उठवलं होतं.

दुसरा दिवस, शुक्रवार, सिल्लेवाडा आणि एक खदान

कोराडी रोडने बाहेर पडलो. छोटीला आधी सिल्लेवाड्याचा वाळूचा दगड दाखवायचा होता कारण तिच्या मते कोळसा बघायच्या आधी कोळशाच्या वरचं छप्पर बघायला पाहिजे. कामठीच्या नावावरून या दगडांच्या थराला कामठी फॉर्मेशन म्हणतात, जगभरच्या पुस्तकात आपल्या कामठीचं नाव आहे हे मला छत्तीस वर्षं माहीत नव्हतं, कामठी म्हटलं की मला कॅन्टोन्मेंटच आठवायचं. हिस्लॉप कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप, १८६३ मध्ये वारले, ते याच भागात फिरून दगडातल्या पानांचे ठसे गोळा करायचे. गोंडवाना हे नाव तर आपल्या गोंडांवरूनच आलेलं. कोळसा त्या कामठीच्या खाली, बराकार नावाच्या थरात, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीचा.

दगड तांबूस, हाताने खरडला तर वाळू सुटते. छोटीने त्यातल्या फटी दाखवल्या, एक सरळ रांग अशी आणि दुसरी तिला जवळपास काटकोनात, फरशी बसवल्यासारखी. या फटींना जोड म्हणतात, इंग्रजीत जॉइंट. इथे दगड फुटलाय पण सरकलेला नाही. जिथे फुटून एक बाजू खाली किंवा वर सरकते तो फॉल्ट. कोळशात स्वतःच्या वेगळ्या बारीक फटी असतात, त्यांना क्लीट म्हणतात, कोळसा हातात घेतला की त्या फटीवरच चौकोनी तुकडे पडतात ना, तेच. हे तीन शब्द पुढे लागतील म्हणून सांगून ठेवतो.

कामठी दगडात पाणी खूप. या पट्ट्यातल्या खदानीत पंप चोवीस तास चालतात आणि मामाजी म्हणाले की पाण्याने भरलेली भेग खदानीला त्रास देते पण आगीच्या हिशोबाने ती बरी, कारण पाणी असलेल्या फटीत हवा शिरत नाही. पंपाने पाणी ओढलं की फट रिकामी होते आणि रिकाम्या फटीत हवाच जाणार. आयुष्यभर पाणी उपसणारा माणूस हे सांगतोय म्हणून जरा थांबून ऐकलं.

दुपारी खदान. वेकोलिने, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने, सावनेरकडे पर्यटकांना खदान दाखवायला सुरुवात केली होती ते वेगळं, आम्ही गेलो ती दुसरीकडे, मामाजींच्या जुन्या ओळखीच्या शब्दावर, म्हणून नाव लिहीत नाही. वरच मोबाईल, घड्याळ, लायटर, चावीची रिमोट सगळं जमा करावं लागतं, त्यामुळे फोटो नाहीत, जे आहे ते डोक्यातलं. हेल्मेट, कॅप लॅम्प, गमबूट, कमरेला सेल्फ रेस्क्यूअरचा डबा, विषारी हवेत जीव वाचवून बाहेर पडायला, आणि इन्क्लाइनने, म्हणजे तिरक्या उतरत्या बोगद्याने, चालत खाली. उतरताना वाटतं काय एवढं, परत चढताना कळतं.

आत गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे सगळं पांढरं. भिंती काळ्या असतील असं वाटलेलं तर त्यावर दगडाची भुकटी मारलेली, कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊ नये म्हणून. गॅलरी, मग चौकोनी खांब, मग गॅलरी, असं बुद्धिबळाच्या पटासारखं. कोळसा काढायचा आणि छत पडू नये म्हणून मधे कोळशाचेच खांब सोडायचे. नंतर जाताना मागे मागे हटत ते खांबही काढतात आणि मागचं छत मुद्दाम पडू देतात, त्या पडलेल्या पोकळीला गोफ म्हणतात, आणि खदानीतली बहुतेक आग तिथेच लागते कारण गोफात चुराडा झालेला कोळसा राहून जातो आणि तिथे माणूस परत जाऊ शकत नाही.

मग फॉल्ट. मी काहीतरी भव्य असेल म्हणून तयारीत होतो. गॅलरीत चालत चालत गेलो आणि उजव्या भिंतीत कोळसा संपला. संपला म्हणजे अक्षरशः, सुरीने कापल्यासारखी तिरकी रेघ, रेघेच्या अलीकडे काळं आणि पलीकडे राखाडी वाळूचा दगड. मधे चार बोटं जाडीचा चिकट मातीचा पट्टा. दगडावर हात फिरवला तर एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला किंचित खरखरीत, काचेवर ओरखडे असावेत तसे उभे चरे, दोन बाजू एकमेकीवर घासत सरकल्याचे. मामाजी म्हणाले इथे कोळसा बारा फूट खाली उतरला आहे, पलीकडे तोच सीम, म्हणजे कोळशाचा थर, आहे पण बारा फूट खाली.

आणि त्या रेघेच्या अलीकडे दोन-तीन हात कोळसा कसा होता ते सांगायला पाहिजे. बाकी भिंतीत चौकोनी, चमकदार, बोट आपटलं तर टणक. इथे भुसा. नखाने उकरला तर सुटतोय, चहाच्या पुडीसारखा. छोटी एकदम खूश, तिने सांगितलं की फॉल्ट म्हणजे एक रेघ नसते, मधे तो मातीचा गाभा असतो आणि दोन्ही बाजूंना चुरलेला, भेगाळलेला पट्टा असतो. गाभा बूच मारल्यासारखा, हवा आडवी पलीकडे जाऊ देत नाही. पण बाजूचा भेगाळलेला पट्टा नळीसारखा, हवा त्यातून रेघेच्या दिशेने लांबलांब जाते, वरही जाते. एकच फॉल्ट आडव्याला भिंत आणि उभ्याला धुराडं. त्यात चुरलेल्या कोळशाला हवा लागायला जागा जास्त, म्हणजे तो लवकर तापणार.

मामाजींचं लक्ष मात्र छतावर. ते बोट लावून बघत होते. जुन्या लोकांची सवय, छताला घाम आला का, हवेत रॉकेलसारखा गोडसर वास येतो का. गॅस डिटेक्टर आता सगळीकडे आहे आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो, तरी कोळसा तापायला लागला की त्यातली ओल बाहेर येऊन थंड दगडावर थेंब धरतात आणि ते यंत्र कमरेला नसलेल्या माणसालाही दिसतात. परत येताना बंद केलेल्या भागाची भिंत दिसली, तिला स्टॉपिंग म्हणतात, पांढरी, तिच्यावर नंबर आणि तपासणीची तारीख, मधून एक पाईप, तिथून आतल्या हवेचा नमुना काढतात. किती ऑक्सिजन कमी झाला आणि त्या मानाने किती कार्बन मोनॉक्साइड तयार झाला याचं गुणोत्तर काढतात, ग्रॅहॅम रेशो, शेकड्याला अर्ध्याच्या खाली असला तर झोपा, एकाच्या वर गेला की काहीतरी तापतंय, तीनच्या वर म्हणजे आत आग. नुसता मोनॉक्साइड मोजून भागत नाही कारण बाहेरची हवा शिरली तर आकडा पातळ होतो आणि खोटा दिलासा मिळतो.

मी विचारलं, भिंत घातली की विषय संपला ना? मामाजींनी फक्त माझ्याकडे बघितलं. शेगडी.

तिसरा दिवस, शनिवार, घुग्घुसकडे

पहाटे पाचला निघालो, बुटीबोरीपर्यंत धुकं इतकं की ट्रकचा मागचा लाल दिवा धरून चालवत होतो. जामला चहा आणि आलूबोंडा, तिथून चंद्रपूरचा रस्ता. वरोऱ्याला आनंदवनाची पाटी लागली. ब्रिटिशांच्या काळात वरोऱ्यालाच सरकारी कोळसाखदान होती हे मामाजींनी सांगितलं, म्हणजे या खोऱ्यात दीडशे वर्षांपासून माणसं जमीन पोखरतायत आणि त्यातल्या सगळ्याच पोकळ्यांचे नकाशे आज कोणाच्या कपाटात असतील असं नाही.

वर्धा खोरं म्हणजे भूगर्भाच्या भाषेत जमीन ताणली जाऊन मधला भाग खचलेला पट्टा, खाली प्राणहिता-गोदावरीपर्यंत जातो, त्यामुळे इथे फॉल्ट नसतील तरच नवल. कोळशाचा सीम इथे जाड, कुठे कुठे पंधरा मीटरच्या वर. जाड सीमची भानगड अशी की जुन्या काळी भूमिगत पद्धतीने त्याचा थोडाच भाग काढता यायचा, बाकी तसाच मागे राहिला, छतात, जमिनीत, खांबात. जळायला माल भरपूर.

घुग्घुसला पोचलो तेव्हा साडेआठ. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इथल्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं होतं, बातमी तेव्हा सगळ्यांनी पाहिली असेल, घरातली माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत खदान. मामाजी त्या बाजूला गाडी न्यायला नाही म्हणाले, लोकांच्या दुःखाची टूर नाही करायची. बरोबरच होतं.

आम्ही गेलो तिथून थोडं पुढे, एका ओपनकास्टच्या, म्हणजे वरून उघड्या खदानीच्या, काठावर, रस्त्यावरून दिसतं तेवढंच बघायला. खाली शंभरेक फुटांवर कोळशाची पायरी आणि त्या काळ्या भिंतीत एका ओळीत चौकोनी भोकं, कबुतरखान्यासारखी. त्या जुन्या गॅलऱ्या! माणसांनी कुदळीने काढलेल्या, त्यावर आता वरून खदान उघडली म्हणून आडव्या कापल्या गेल्या. चार भोकं गप्प होती आणि पाचव्यातून निळसर धूर, जाड नाही, बिडी ओढून कोणी आत बसल्यासारखा. वास अंडं सडल्याचा अधिक डांबराचा. मामाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यातल्या कोण्यातरी गॅलरीत म्या डबा खाल्ला असन."

कित्येक वर्षं बंद असलेली पोकळी, आत उरलेले खांब, चुरा, आणि एक दिवस वरून मशीन येऊन तोंड उघडतं. हवा आत. मग आग कुठे पसरेल हे ठरवतात त्या भेगा. छोटीने रस्त्याच्या कडेला धुळीत काडीने काढून दाखवलं. सीम तीन मीटर जाड धर आणि फॉल्टने दोन मीटर सरकवला, तर दोन्हीकडचा कोळसा अजून एक मीटर एकमेकाला चिकटून आहे, आग पलीकडे जाते. पाच मीटर सरकवला तर कोळशासमोर दगड आला, आग अडली. पण वर-खाली दोन सीम असतील, मधे दहा मीटर दगड, आणि फॉल्टने बरोबर तेरा मीटर सरकवलं, मधला दगड अधिक एक सीम, तर? वरचा सीम सरकून खालच्याच्या समोर. मग आग जी एरवी दहा मीटर दगड ओलांडू शकली नसती ती आपसूक दुसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं म्हणजे नुसतं फॉल्ट आहे एवढं कळून उपयोग नाही, किती सरकलाय ते पाहिजे. "तेच तर माझं अर्धं प्रोजेक्ट आहे दादा."

तिथून मामाजींच्या जुन्या भागात, गावामागच्या पडीत वावरात. खाली त्यांच्या वेळची खदान, कधीच बंद झालेली. आता इथून जे लिहितोय ते करायला जाऊ नका, आम्ही तिथे जमीन ओळखणाऱ्या माणसासोबत होतो आणि त्यानेही आम्हाला भेगेपासून दोन हात लांब ठेवलं. खालची जमीन पोकळ असू शकते आणि मोनॉक्साइड कळत नाही, खाली वाकलं की संपलं.

थंडी म्हणून दिसलं. उन्हाळ्यात दिसलं नसतं. वावराच्या टोकाला बाभळीजवळ जमिनीतून वाफ निघत होती, चहाच्या कपावर निघते तशी, आणि तेवढ्याच जागेतलं गवत डिसेंबरातही हिरवं आणि जरा पुढे एकदम वाळून कोळ. भेग चार बोटं रुंद, कडेला पिवळी पुटं, गंधकाची. छोटीने पर्समधून कोरोनाच्या वेळची कपाळावर धरायची गन काढली, प्रयोगशाळेची चांगली गन मिळाली नाही म्हणून, लांबून धरली तर तिच्यावर फक्त हाय आलं. ती बिचारी बेचाळीसच्या पुढे मोजतच नाही.

मग मामाजींनी शेजारच्या वावरातून एक वाळलेली पऱ्हाटी उपटून आणली, सहा फूट लांब, बोंडात उरलेला कापूस काढला, हाताने मोकळा करत करत इतका पातळ केला की धागे उजेडात दिसेनात, आणि टोकाला दोऱ्याने बांधला. पऱ्हाटी लांबवून कापूस भेगेवर धरला. तो वर उडाला, फडफडत राहिला. बरं, गरम हवा बाहेर येते, हे वाफेवरून कळतच होतं, मी मनात म्हटलं यात काय.

ते भेगेच्या बाजूने उताराला चालत गेले, साठ-सत्तर पावलं. तिथे दुसरी भेग, बारीक, करंगळी जाईल इतकी, ना वाफ ना पिवळं, गवत नेहमीसारखं. मी एकटा असतो तर ओलांडून गेलो असतो, खरं तर ओलांडलीच होती येताना. कापूस धरला. पहिल्यांदा काहीच नाही. मग वारा पडला आणि कापसाचे धागे हळूच खाली वाकले, भेगेकडे, आणि तसेच राहिले, कोणीतरी खालून श्वास आत ओढतंय आणि सोडतच नाही असे. पंधरा सेकंद. अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

"हे पाह्य खिडकी. तिकडे सारे धूर पाहाले जाते, फोटो काढते, धुरावर माती टाकते. धूर बंद केला तं थो दुसरीकडून निंघते. इथं कोणी पाह्यतच नाही काऊन की इथं काही दिसतच नाही."

आग आत गरम हवा तयार करते, गरम हवा वरच्या भेगेतून बाहेर पडते आणि तिची जागा भरायला खालच्या भेगेतून थंड हवा ओढली जाते, बंब पेटवलेल्या कोणालाही हे माहीत आहे. शिवाय बाहेरच्या हवेचा दाबही खेळतो, छोटी म्हणाली, दाब उतरला की पोकळी श्वास सोडते, चढला की घेते, त्यामुळे आज आत ओढणारी भेग परवा बाहेर फेकेल. एकदा कापूस धरून निष्कर्ष काढायचा नाही. मामाजींना ते पटलं नाही, म्हणजे माहीत होतं पण पोरीने सांगितलेलं पटलं नाही.

पुढचं चक्र तर भयंकरच आहे. कोळसा जळाला की राख उरते, राख जागा कमी घेते, वरचा दगड खाली बसतो, बसताना त्याच्या जुन्या जोडांवर फाटतो, नवी भेग वरपर्यंत येते, नवी हवा, आणि आग पुढे. खोली कमी असेल, पन्नासेक मीटरच्या आत, तर हे फार लवकर. आग आपली वाट आपणच खणते पण खणते ती जिथे दगड आधीच कच्चा आहे तिथे, म्हणून भेगांची दिशा बघून खालच्या जोडांची दिशा कळते. ऑस्ट्रेलियात विंगेन नावाचा डोंगर आहे तिथली आग सहा हजार वर्षं अशीच चाललीय असा अंदाज आहे, वर्षाला मीटरभर सरकत, तिथे तर कोणी खदानही काढलेली नव्हती. मामाजींनी झारखंडातल्या झरियाचं सांगितलं, ते ट्रेनिंगला धनबादला गेले होते तेव्हा रात्री नेलं होतं, जमिनीतल्या फटी लाल दिसत होत्या. झरियात पहिली आग १९१६ सालची, भौंरा खदानीत, आणि नंतर राष्ट्रीयीकरणाच्या वेळी सत्तर ठिकाणी आगी मोजल्या होत्या. २००९ मध्ये सात हजार कोटींच्या वरचा मास्टर प्लॅन मंजूर झाला. अजून पुनर्वसन चालूच.

आग विझवायचे उपाय मी विचारले, मामाजींनी बोटावर मोजले: खणून आग उचलून टाकणे, मधे खंदक मारून तोडणे, आत नदीची वाळू पाण्याबरोबर सोडून पोकळी भरणे, नायट्रोजन सोडणे, वरून माती पसरणे. माती सगळ्यात स्वस्त म्हणून सगळ्यात जास्त. पण आपल्याकडे माती कोणती, काळी. काळी माती पावसाळ्यात फुगून घट्ट बसते, मस्त बूच, आणि एप्रिल-मे मध्ये फाटते, हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा. बूचच फाटतं. मुरूम मिसळून, दाबून, दर उन्हाळ्यात परत भरत राहिलं तर चालतं, पण टेंडर एकदाच निघतं, हे मी म्हणतोय, मामाजी नाही.

पाणी मारून का नाही विझवत हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, मीही विचारला. भेगेतून ओतलेलं पाणी सोप्या वाटेने निघून जातं, आगीपर्यंत जाईलच असं नाही, आणि खरंच लाल कोळशावर पडलं तर हायड्रोजन आणि मोनॉक्साइड तयार होतो, दोन्ही भडकणारे.

छोटीने फोनवर प्रत्येक भेगेला पिन टाकली. अकरा पिना. परतताना भद्रावतीला जेवलो, झुणका-भाकर ठीकठाक, मिरचीचा ठेचा जीवघेणा. जॅकेटचा वास अजून गेलेला नाही.

चौथा दिवस, रविवार, परत नागपूर

दुपारपर्यंत झोपलो. संध्याकाळी मामाजींकडे टेबलवर लॅपटॉप, संत्र्यांची टोपली आणि भांडण.

छोटीच्या अकरा पिनांपैकी नऊ एका ओळीत आल्या होत्या, वायव्य-आग्नेय, आणि या खोऱ्यातले मोठे फॉल्टही साधारण त्याच दिशेने जातात, त्यामुळे ती नाचायचीच बाकी होती, फॉल्ट सापडला म्हणून. मामाजी म्हणाले काही फॉल्टबिल्ट नाही, ती पॅनलची, म्हणजे कोळसा काढायला आखलेल्या तुकड्याची, कड आहे. खालचा कोळसा काढून छत पाडलं की वरची जमीन मधे बसते आणि कडेला ताणून फाटते, भेगा नेहमी कडेलाच पडतात, हे त्यांनी डोळ्याने पाहिलेलं. ती म्हणाली दिशा बघा. ते म्हणाले तू दिशा पाह्य, मी खाली होतो. मामी म्हणाली आधी संत्री खा.

शेवटी मामाजींनी एका लग्नपत्रिकेच्या मागे आठवणीतून पॅनल काढायला घेतलं. बत्तीस वर्षांपूर्वीचं. इन्क्लाइन इथे, हॉलेजचा, म्हणजे कोळशाच्या गाड्या ओढायचा, रस्ता इथे, पंप इथे, खांबांच्या रांगा, आठ, नऊ, दहा... आणि दहाव्या रांगेनंतर पेन थांबलं. मी विचारलं पुढे का नाही काढला कोळसा.

"पुढं कसा काढन? पुढं तं..."

पुढे फॉल्ट होता. वीस फूट डाऊन. छत खराब, पाणी येत होतं, भुसा झालेला कोळसा, साहेब म्हणाला इथेच थांबा, फॉल्टला लागून एक रांग खांब सोडा आणि पॅनल बंद करा. म्हणजे पॅनलची कड तिथे होती कारण फॉल्ट तिथे होता. दोघेही बरोबर, आणि दोघांनाही ते आवडलं नाही. फॉल्टने माणसांना जिथे थांबवलं तिथेच चुरलेला कोळसा मागे राहिला, तिथेच जमीन ताणून फाटली, आणि वर चोर हवेला त्याच रेघेतला भेगाळलेला पट्टा मिळाला. मला वाटलं होतं की फॉल्ट आणि आग यांचा संबंध दगडापुरता असेल. मधे साहेबाचं एक वाक्य येतं हे छोटीच्या एकाही पेपरमध्ये नाही, तिने स्वतःच सांगितलं.

उरल्या दोन पिना, ओळीपासून लांब, बाभळीच्याही पलीकडे. त्यातली एक ती करंगळीएवढी, कापूस आत ओढणारी. मामाजींनी पत्रिका फिरवून फिरवून बघितली, चष्मा काढला, परत घातला. मग पंपाच्या जागेवर पेन टेकवलं. पंपाचा पाईप वर न्यायला तिथे एक बोअर मारलेलं होतं. खदान बंद करताना ते भरलं की नाही, ते विचारायला आता तिथला कोणी उरला असेल तर एकच जण, सध्या मुलाकडे बल्लारशाला असतो म्हणे.

मामाजींनी फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. माझी पुण्याची गाडी रात्री होती म्हणून मी निघालो, मामीने पिशवीत वांगी भरून दिली आणि दारात उभ्या छोटीला मामाजी सांगत होते की मे महिन्यात परत जाऊ, माती फाटल्यावर, तेव्हा कापूस नसेल तर घरून घेऊन जाऊ.